सोबतच्या माणसाचे बाक

मी, खाली सही करणार, वय वर्षे चौऱ्याहत्तर, पूर्वीचा धंदा रुग्णवाहिकांच्या बॉड्या बांधण्याचा, हल्लीचा धंदा घरातल्यांच्या कामात लुडबूड करण्याचा, असे लिहून ठेवतो की आज माझे डोके ठिकाणावर आहे. छाती नाही, डोके आहे. समोरच्या घरातल्या डॉक्टरीणबाईंनी सकाळी मला शंभरातून सात-सात वजा करत खाली यायला लावले आणि मी न अडखळता आलो. तसा त्यांचा दाखला सोबत जोडला आहे. परवा सकाळी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. ऑपरेशन करणारे म्हणाले, काळजीचे कारण नाही, आणि लगेच चार ठिकाणी सह्या घेतल्या, त्यावरून मी काय ते समजलो. म्हणून हे आजच उरकणे भाग आहे. हे लिहिताना माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. दडपण आणायचे प्रयत्न दोन बाजूंनी झाले आणि अजून चालू आहेत. ते कोणाचे, हे पुढे येईलच.

वकीलबाई पाच वाजता यायच्या आहेत. त्यांनी बजावले आहे की स्वतःच्या हाताने लिहा, आणि खोडलेत तर शेजारी सही करा. मी खोडेन तेव्हा एकच रेघ मारीन. आधी काय लिहिले होते ते मागाहून वाचणाऱ्याला दिसले पाहिजे.

कलम १. याआधीचे मृत्युपत्र रद्द. ते माझ्या मुलाने टाइप करून आणले होते. मुलगा शाळेत हेडमास्तर आहे आणि घरी आला तरी ती टोपी उतरवत नाही. त्यात माझ्या मुलीबद्दल एकच ओळ होती, की तिच्या देखभालीची समुचित व्यवस्था भाऊ करील. मी विचारले, समुचित म्हणजे काय? तो म्हणाला, "म्हणजे मी बघेन ना बाबा." मग मी सही केली होती. ती सही आता मानू नये.

कलम २. पुढचे घर, खाली दोन खोल्या, वर दोन, मुलाला. छताला ओल आहे ती त्याला माहीत आहे. जिना उभा आहे, तोही त्याला चांगलाच माहीत आहे. मुलगी बाविसाव्या वर्षी मणक्याच्या आजाराने चाकाच्या खुर्चीत आली, तेव्हा या जिन्यामुळे तिला खालच्या बाहेरच्या खोलीत ठेवावे लागले. घरात येणारा प्रत्येक माणूस तिच्या पलंगाशेजारून आत जायचा. दूधवाला, पाहुणे, मीटर बघणारा, सगळे. मुलांची आई जिवंत होती तोवर म्हणायची, हिला सगळं द्या पण आधी एक दार द्या. तिला जाऊन सहा वर्षे झाली. दार मी त्यानंतर दिले, मागच्या अंगणात, घरासकट.

कलम ३. त्या घराचे वर्णन. हे वकीलबाई म्हणतात तेवढे पुरे नाही, म्हणून मी सविस्तर लिहितो. ज्याला कंटाळा येईल त्याने कलम ४ वर जावे.

लांबी वीस फूट, रुंदी दहा. एवढ्या जागेत लोक गाडी ठेवतात. मधोमध पाच फुटांचा गोल मोकळा आहे आणि तिथे सुईसुद्धा ठेवायची नाही, कारण खुर्ची तिथे वळते. आधी तो गोल जमिनीवर खडूने काढला आणि मग बाकीचे घर त्याच्या कडेने बसवले. दारे सगळी सरकती, कारण उघडणाऱ्या दारापुढे खुर्चीला मागे हटावे लागते. उंबरा नाही. खिडक्यांचे कठडे खाली घेतले. बसून राहणाऱ्या माणसाला बहुतेक घरांतून नुसते आभाळ दिसते, माझ्या मुलीला रस्ता दिसतो. वारा एका खिडकीतून येऊन समोरच्या खिडकीने जातो. स्वयंपाकाचा ओटा खालून मोकळा, गुडघे आत जातात. भांडी धुवायची टाकी उथळ आहे, आणि तिच्या खालची गरम पाण्याची नळी मी जाड कापडाने गुंडाळली आहे, कारण तिच्या पायांना चटका बसला तर तिला कळत नाही. ओट्याखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत स्टीलचा दांडा आहे, हाताने धरायला. तो वरून दिसत नाही. पलंगाची उंची खुर्चीच्या बैठकीइतकी, म्हणजे नुसते सरकायचे. कपाटे गुडघ्यापासून खांद्यापर्यंत, त्यावर काही नाही. हात पोचणार नाही अशी एकही वस्तू त्या घरात मी ठेवली नाही. पलंगासमोरची भिंत मी एका लांब कपाटाने भरली: औषधे, पट्ट्या, वाफाऱ्याचे भांडे, जादा चादरी, प्राणवायूची नळकांडी ठेवायची चौकट, सगळ्याला आपापला कप्पा. गोल कडा, आवाज न करणारे खटके. चाळीस वर्षांत मी केलेल्या कामांत ते पहिल्या नंबरचे.

मुलीला घरात सगळे भिंगरी म्हणतात. लहानपणी गोल फिरून चक्कर येऊन पडायची म्हणून. खुर्ची आल्यावर तिच्या आईने ते नाव बंद केले होते, मग भिंगरीनेच पुन्हा सुरू करायला लावले. गेल्या वर्षी ती नव्या घरात गेली. मधल्या गोलात एक फेरी मारली, सगळे खटके दाबून पाहिले आणि म्हणाली, "छान आहे बाबा. चाकं तेवढी काढलीत." मी ते कौतुक समजलो आणि रस्त्यातल्या चार जणांना सांगितलेही.

कलम ४. वर लिहिलेले छोटे घर मुलीला हयातभर राहायला. मालकी मुलाकडे. ते विकता येणार नाही, भाड्याने देता येणार नाही, रचनेत फेरफार करता येणार नाही. तिच्याशिवाय दुसरे कोणी तिथे कायम राहणार नाही. एक किल्ली भावाकडे राहील. *(रद्द. कलम ७ पाहा. सही.)*

हे कलम मी सकाळी लिहिले आणि चहाच्या वेळी भिंगरीला वाचायला दिले. ती शिवणाच्या दुकानांसाठी कपड्यांचे कागदी नमुने कापते, तिला मापाचे कागद वाचायची सवय आहे. तिने वाचले आणि विचारले, "हे कोणासाठी आहे?"

"कोणासाठी म्हणजे? तुझ्यासाठी."

"माझ्यासाठी असतं तर मालक म्हणून माझं नाव असतं."

मी म्हणालो, "उद्या कोणी गोड बोलून तुझ्याकडून लिहून घेतलं तर? मी असणार नाही तेव्हा."

"घेऊ दे लिहून. दादाला कोणी फसवू नये म्हणून कुठलं कलम घातलंत?"

दादाला कोण फसवणार, तो दुसऱ्याला छडी मारतो, असे मी म्हणणार होतो. पण तिचा चेहरा बघून चहाचा कप उचलला. तिने कागद मांडीवर ठेवला.

"बाबा, तुमच्या रुग्णवाहिकेत सोबतच्या माणसाला बसायला बाक असायचं ना?"

"असायचं म्हणजे? त्याशिवाय गाडी पासच होत नाही."

"मग माझ्या घरात कुठे आहे?"

मी मनातल्या मनात ते घर पुन्हा फिरून आलो. बसायची जागा एक, ती तिची स्वतःची खुर्ची. पलंग एका माणसाचा. टॉवेलची दांडी एका टॉवेलपुरती. घडीचे टेबल अठरा इंच, एक ताट मावेल असे. कागद पसरायला ती जमिनीवर उतरते हे मला तेव्हा माहीत नव्हते. आणि त्या घाईत माझ्या तोंडून निघून गेले, "तुझ्याकडे येतं कोण?"

शब्द बाहेर पडला आणि माझे मलाच कसे तरी झाले. ती चिडली नाही. चिडली असती तर बरे झाले असते. म्हणाली, "कपडा अंगाच्या बरोबर मापाने शिवला तर माणूस पहिल्यांदा खाली बसला की उसवतो. शिवणीत थोडी माया सोडावी लागते, बाबा. तुम्ही सोडलीच नाहीत." मग खुर्ची वळवली आणि दारातून सांगितले, "सह्या माझ्या घरी होतील. पाच वाजता सगळ्यांनी या. त्याआधी कोणी येऊ नका."

"एवढी माणसं बसणार कुठे?"

"ते मी बघते."

तरीही कलम ४ मी तसेच ठेवले. हट्ट तिच्यात आला आहे तो कुठून आला हे सगळ्यांना ठाऊक आहे.

कलम ५. हत्यारे. रंधे, कानशी, दोन्ही ड्रिल मशीन, पत्रा वाकवायचे यंत्र हे सगळे गावातल्या तंत्रशाळेला. काम घट्ट पकडून ठेवायचा मोठा लोखंडी शेगडा त्यात धरू नये. तो माझ्या जुन्या भागीदाराकडे आहे. कारखाना बंद झाला त्या दिवशी त्याने तो "चार दिवसांसाठी" नेला, आणि नंतर रस्त्यात मला बघितले की तो पलीकडच्या बाजूला जायला लागला. माझ्या अंत्ययात्रेला तो येईल, त्याला अशा ठिकाणी पुढे उभे राहायची हौस आहे. तर तो शेगडा मी या कलमाने त्यालाच देतो, म्हणजे निदान चोरीचा राहणार नाही.

हे कलम लिहीत असताना खिडकीतून दिसले की कुलूपवाला खांद्यावर लांब फळ्या घेऊन मागे गेला. दार उघडले, तो आत गेला, दार बंद झाले.

कुलूपवाल्याबद्दल सांगायला हवे. छोट्या घराची एक किल्ली माझ्याकडे असायची आणि मी रोज सकाळी आत जाऊन बघायचो, उठली का, चहा झाला का. एकदा किल्ली फिरेना. भिंगरीने मला न विचारता नाक्यावरच्या कुलूपवाल्याला बोलावून कुलूप बदलून घेतले होते. मी आठवडाभर बोललो नाही. त्यानंतर ते कुलूप सारखे बिघडायला लागले आणि हा सारखा यायला लागला. मी त्याला हटकलेसुद्धा, "अरे बाबा, एकदा धड कुलूप बसव की." तो म्हणाला, "काका, कुलूप चांगलं आहे. दार नवीन आहे, बसायला वेळ लागतो." माणूस पन्नाशीच्या आत-बाहेरचा, उंच, कमी बोलणारा. कामाचे हात आहेत, हे मी पाहताक्षणी ओळखले होते. बाकी काही ओळखले नव्हते.

कलम ६. माझ्या देहाबद्दल. परवा काही बरेवाईट झालेच, तर मला आमच्याच कारखान्यात बांधलेल्या गाडीतून आणू नये. त्या गाड्यांच्या मागच्या स्प्रिंगा कडक आहेत, मी तेव्हाच सांगितले होते, भागीदाराने ऐकले नाही.

इथे लिहिणे थांबवावे लागले, कारण चारच्या सुमाराला मुलगा आला. तासभर आधी. कोट काढला नाही, उभ्याने कागद वाचले आणि कलम ४ पाशी बोट ठेवून म्हणाला, "ह्यात एक पोटकलम घाला. भावाला योग्य वाटल्यास त्याने बहिणीला आपल्या घरी न्यावं."

"तिला योग्य वाटल्यास असं घालू का?"

"बाबा, ती गेल्या महिन्यात पडली. तुम्हाला सांगितलं तिने? कोपर खरचटलं म्हणून डॉक्टरीणबाईंकडे मलम मागितलं, तेव्हा मला कळलं. किती वेळ पडून होती, कोणाला माहीत आहे? परवा तुम्ही टेबलावर असाल. आणि मी शाळेत असेन, दहा मैलांवर."

मला हे माहीत नव्हते. छातीत जे व्हायचे ते झाले आणि मी खाली बसलो.

इथे मी मुलाबद्दल एक गोष्ट लिहून ठेवतो, नाहीतर हे वाचणारा त्याला घराच्या मागे लागलेला समजेल. आजारानंतर तिची पदवीची परीक्षा राहिली होती. परीक्षा तिसऱ्या मजल्यावर, तिथे लिफ्ट नाही. या मुलाने तिला पाठीवर घेऊन सगळे पेपर होईपर्यंत तीन जिने चढ-उतार केली, आणि तिचा पेपर संपेपर्यंत वरच पायरीवर बसून राहायचा. त्याच्या कंबरेचे दुखणे तेव्हापासूनचे. त्याने कधी बोलून दाखवले नाही. तो घाबरतो, आणि घाबरला की नियम काढतो. माझ्यासारखाच आहे.

म्हणून मी पोटकलम लिहिले. *कलम ४ (अ): भावाला योग्य वाटल्यास त्याने बहिणीस आपल्या घरी न्यावे आणि छोट्या घराचा वापर ठरवावा. (रद्द. सही.)*

शेवटचा शब्द लिहून होतो तोच मागून आवाज आला. मोठा, लाकूड आणि पत्रा एकदम जमिनीवर आदळल्याचा. त्यानंतर काहीच नाही.

मुलगा पुढे धावला, मी भिंतीला धरत मागे. अंगण ओलांडेपर्यंत मला श्वास पुरेना. मुलाने दारावर मुठी आपटल्या. किल्ली माझ्याकडे नव्हती, त्याच्याकडे नव्हती, आणि ते सरकते दार मी स्वतः असे बसवले आहे की बाहेरून पहार लावायला फट सापडत नाही. खिडक्यांचे पडदेही ओढलेले होते. मुलगा ओरडला, "भिंगरी! उघड!" आतून उत्तर नाही. मी दाराला कान लावला. माझ्या छातीचे ठोके सोडून काही ऐकू येईना. त्या वेळात माझ्या मनात काय काय येऊन गेले ते कागदावर लिहिण्यासारखे नाही.

मग आतून तिचा आवाज आला. "पाच वाजले का?"

मुलगा म्हणाला, "नाही."

"मग जा."

आम्ही दोघे अंगणातल्या टाकीच्या कट्ट्यावर बसून राहिलो. तो एवढेच म्हणाला, "बाबा, तुम्ही निळे पडलाय." मी म्हटले, उजेडामुळे तसे दिसते.

आवाज झाल्यापासूनचे सगळे मी मुलीच्या घरात, तिच्या टेबलावर लिहीत आहे. साक्षीदारांच्या सह्या अजून व्हायच्या आहेत. सगळे बसून आहेत आणि मी लिहितो आहे. वकीलबाईंनी दोनदा घड्याळ पाहिले. पाहू द्या.

सगळे बसून आहेत, हे मी मुद्दाम लिहिले. पाच वाजता दार उघडले तेव्हा पहिल्यांदा मला भिंत दिसली, नुसती उघडी भिंत. माझे पहिल्या नंबरचे कपाट उतरवून, मागच्या खिडकीतून काढून, घराच्या पलीकडच्या बाजूला टेकवून ठेवले होते. तेच खाली येताना पडले होते. त्याच्या जागी भिंतीच्या या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत बाक. बिजागऱ्यांवर बसवलेले, नको तेव्हा उचलून भिंतीला लावायचे, म्हणजे मधला गोल मोकळा राहतो. खाली दोन फळ्यांचे पाय, तेही दुमडणारे. टेबलाला आणखी एक पान जोडून रुंद केले आहे. औषधे गेली पलंगाखालच्या खणात, आणि खरे सांगायचे तर ती तेवढीच होती, एक खण. बाकीचे कप्पे मी माझ्या भीतीसाठी केले होते.

वकीलबाई बसल्या, डॉक्टरीणबाई बसल्या, मुलगा बसला, मी बसलो. कोणाचे गुडघे कोणाला लागले नाहीत. भिंगरीने आमच्यासमोर गोलात एक फेरी मारून दाखवली आणि चहा ठेवायला ओट्याकडे गेली. मी बाकाखालून हात फिरवला. सांधा चांगला धरला होता. मग मी भिंतीवरून नजर फिरवली, आणि दाराशेजारी एक नवी खुंटी दिसली. लाकडी, नीट घासलेली, पण माझ्या डोक्याच्याही वर.

मी कुलूपवाल्याला म्हणालो, "ही उंची चुकली. हिचा हात तिथे पोचणार नाही."

तो हातावरचा भुसा झटकू लागला. भिंगरी ओट्याकडे तोंड करून कपबशा मांडत होती. डॉक्टरीणबाईंनी एकदम पर्समध्ये काहीतरी शोधायला घेतले.

वकीलबाईंनी कागद वाचले आणि विचारले, साक्षीदार कोण? मी म्हणालो, एक डॉक्टरीणबाई, दुसरा हा कुलूपवाला, आयता हजर आहे आणि सरळ माणूस आहे. वकीलबाईंनी नेहमीप्रमाणे सांगितले, की ज्याला या कागदाने काही मिळतं तो किंवा त्याची बायको, नवरा साक्षीदार असू नये, नाहीतर मिळालेलं जातं. एवढे सांगून त्यांनी पेन कुलूपवाल्यापुढे केले. त्याने घेतले, पहिल्या पानावर बघितले, आणि पेन टेबलावर ठेवले.

"काका, मला सही नाही करता येणार."

"का? तुला मी कुठे काय देतोय?"

"आज केली तर चालेलही. पण नंतर कोणी बोट ठेवायला नको." त्याने भिंगरीकडे पाहिले.

ती म्हणाली, "सांग ना नीट. मघापासून पाठ करतोयस."

"पुढच्या महिन्यात आम्ही लग्न करतोय," तो म्हणाला. "मी इथे राहायला येतोय. म्हणजे, यांनी ये म्हटलंय."

मुलगा उठून उभा राहिला. मी त्याच्या कोटाचे टोक धरले, पण तो ओरडला नाही. शाळेत विचारतो त्या आवाजात त्याने विचारले, "ती पडली तर काय कराल? उचलता येईल तुम्हाला?"

"गेल्या महिन्यात पडल्या तेव्हा मी इथेच होतो," कुलूपवाला म्हणाला. "मी हात पुढे केला तर म्हणाल्या, हात लावायचा नाही, तिथेच थांब. ओट्याखाली तो दांडा आहे, तो धरून स्वतः खुर्चीत चढल्या. मी नुसता उभा होतो. फार अवघड गेलं."

"तिला की तुम्हाला?"

"मला."

भिंगरी म्हणाली, "दादा, याला नुसतं उभं राहता येतं. तुला आणि बाबांना येत नाही." मुलगा परत बाकावर बसला आणि कंबरेला हात लावून जरा मागे टेकला.

तो दांडा मी बसवला तेव्हा सगळे हसले होते, की इथे कोण धरणार. ती जमिनीवरून त्याला धरून एकटीने वर आली, हे ऐकून मला जो आनंद झाला तो मला परवाच्या आधी कोणीतरी द्यायलाच हवा होता. आणि भीतीही वाटते आहे, ती गेलेली नाही. हा माणूस उद्या कसा निघेल, मला माहीत नाही. दोघे भांडतील, दहा फुटांत भांडून जायला जागा नाही. ती चुकेलही. मुलगा घर घेऊन चुकू शकतो म्हणून मी त्याचे घर काढून घेतले नाही, मग हिचे कशाला.

कलम ७. कलम ४ आणि ४ (अ) रद्द. मागच्या अंगणातले छोटे घर, त्याखालची जमीन, पुढच्या रस्त्यापर्यंतची वाट आणि त्या वाटेने कधीही कोणालाही आणायचा हक्क, हे सगळे माझ्या मुलीला, पूर्ण मालकीने. तिने ते विकावे, भाड्याने द्यावे, पाडावे, वाढवावे, माझी कपाटे उतरवून बाहेर टेकवावीत. कोणाची परवानगी लागणार नाही. भावाचीही नाही, नवऱ्याचीही नाही.

हे मी मोठ्याने वाचले तेव्हा मुलाने एक सूचना केली, की लग्नानंतरही घर तिच्या एकटीच्याच नावावर राहील, आणि दोघांचे पटले नाही तर बाहेर जाईल तो तो, ती नाही, हे स्पष्ट लिहा. मला वाटले आता पुन्हा पेटणार. पण कुलूपवाला म्हणाला, "हे लिहाच." भिंगरी म्हणाली, "दादा, पहिल्यांदा काहीतरी उपयोगाचं बोललास." हेडमास्तरांची सूचना मान्य आणि कलमात दाखल.

कलम ८. माझे कपाट. ते पावसात भिजू नये. कोणाला हवे असल्यास न्यावे, नको असल्यास त्याच्या फळ्या वापराव्यात. लाकूड चांगले आहे.

कलम ९. परवा मी परत आलो, तर हे मृत्युपत्र आहे तसेच राहील. बदलणार नाही. मला बदलायची इच्छा झाली तर डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडून पुन्हा वजाबाकी करून घ्यावी.

ठिकाण: मुलीचे घर, मागचे अंगण. वार मंगळवार, संध्याकाळ, ऑपरेशनच्या आदल्या दिवसाच्या आदला दिवस.

लिहून ठेवणार: *सही*

आम्ही खालील दोघी लिहून देतो की वरील गृहस्थाने आमच्यादेखत, बाकावर बसून, चष्मा दोनदा पुसून सही केली आणि लगेच आम्ही त्याच्यादेखत केली. तो शुद्धीवर होता. रडत होता, पण शुद्धीवर होता.

साक्षीदार १: समोरच्या घरातल्या डॉक्टरीणबाई. *सही*

साक्षीदार २: वकीलबाई. *सही*

हजर होते, पण सही करता येत नाही असे: मुलगा, पुढचे घर मिळाल्यामुळे. मुलगी, मागचे घर मिळाल्यामुळे. कुलूपवाला, मुलगी मिळाल्यामुळे. *(शेवटचे दोन शब्द मुलीने खोडायला लावले. त्याऐवजी वाचावे: मुलीने घरात घेतल्यामुळे. सही.)*